चौकटीबाहेरचा सांधा: मणक्याच्या संधिवाताचं चित्रनिदान

कंबर दुखते म्हणून एमआरआय काढला, की बहुतेक वेळा चित्रात कमरेचे पाच मणके येतात, छातीचे शेवटचे एक-दोन येतात आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड, म्हणजे त्रिकास्थी, मधोमध उभी कापलेली दिसते. या त्रिकास्थीला दोन्ही बाजूंनी ओटीपोटाच्या रुंद हाडांशी जोडणारे दोन सांधे मात्र त्या चित्रात नसतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ते 'एसआय जॉइंट'. तरुण वयात मणक्याला होणारा दाहक संधिवात बहुतेकांमध्ये याच दोन सांध्यांतून सुरू होतो. पंचविशीतल्या मुलाची कंबर पहाटे आखडत असेल आणि त्याचा फक्त 'लंबर स्पाइन'चा एमआरआय झाला असेल, तर चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी किंचित पुढे आल्याचं लिहून येतं, घरात 'मणक्यात गॅप आहे' एवढंच पोहोचतं, कमरेला पट्टा बसतो आणि खरा आजार चौकटीच्या बाहेर वाढत राहतो. जगभरच्या अभ्यासांची एकत्रित सरासरी पाहिली, तर या आजारात पहिल्या दुखण्यापासून निदानापर्यंत जवळजवळ सात वर्षं जातात.

याच्या उलटही घडतं. बाळंतपणानंतर कंबर दुखणाऱ्या एखादीच्या एमआरआयमध्ये एसआय सांध्यालगत सूज दिसते आणि तिच्यावर आयुष्यभराच्या आजाराचा शिक्का बसतो. सत्तरीतल्या आजींची मान एका रात्रीत जखडते, ताप चढतो, मेंदूज्वराच्या संशयावरून पाठीतून पाणी काढलं जातं. कारण मात्र असतं मानेच्या दुसऱ्या मणक्याभोवती साचलेल्या कॅल्शियमच्या स्फटिकांचं. यंत्रं आता खूप चांगली झाली आहेत. कमी पडतो तो त्यांना विचारलेला प्रश्न, असं माझं स्पष्ट मत आहे. एक्स-रेला हाडावरचा जुना व्रण दिसतो, एमआरआयला पाणी आणि चरबी दिसते, सीटीला खनिज दिसतं. रुग्णाचं वय आणि दुखण्याची वेळ यांतल्या कुणालाच दिसत नाही. ती तपासणीच्या चिठ्ठीवर कुणीतरी लिहावी लागते, आणि आपल्याकडच्या चिठ्ठीवर बहुधा 'कंबरदुखी' एवढा एकच शब्द असतो.

दुखण्याची वेळ इतकी महत्त्वाची का? दाहक कंबरदुखी सहसा पंचेचाळिशीच्या आत, हळूहळू सुरू होते आणि तीन महिन्यांहून जास्त टिकते. उत्तररात्री ती झोपेतून उठवते. सकाळी अंग आखडलेलं असतं, चालल्या-फिरल्यावर मोकळं होतं आणि विश्रांतीने उलट वाढतं. सोबत डोळा लाल होऊन दुखणं, सोरायसिस, आतड्यांचा दाह किंवा टाचेचं जुनं दुखणं असेल तर संशय पक्का होत जातो. एचएलए-बी२७ या जनुकाचा या आजाराशी असलेला दाट संबंध १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवला. तरीही हे जनुक अंगात असणारे बहुसंख्य लोक आयुष्यभर ठणठणीत राहतात. दुसऱ्या बाजूला, पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली सुरू झालेल्या मोठ्या संधिवात-पाहणीने दाखवून दिलं की खेड्यातल्या माणसांत सांधे-स्नायूंच्या तक्रारी सर्रास असतात आणि त्यांतला दाहक संधिवाताचा वाटा लहान असतो. प्रत्येक दुखऱ्या कमरेचा एमआरआय काढणं हा म्हणून उपाय होऊ शकत नाही. कुणाचा काढायचा आणि कुठल्या भागाचा, हे आधी ठरावं लागतं.

सुरुवात अजूनही साध्या एक्स-रेनेच होते, आणि इतिहासाचं ओझंही त्याच्याच डोक्यावर आहे. बेख्तेरेव्ह, श्ट्रुम्पेल आणि पिएर मारी यांनी १८९३ ते १८९८ या काळात या ताठलेल्या पाठीची वर्णनं लिहिली. राँटगेनचे किरण १८९५च्या अखेरीस सापडले, तरी ती वर्णनं प्रामुख्याने डोळ्यांनी पाहून आणि हातांनी तपासून केलेली होती. पुढे १९६१ साली रोमला, १९६६ साली न्यूयॉर्कला निकष ठरले आणि १९८४ साली सुधारित न्यूयॉर्क निकष आले, तेव्हापासून अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या नावाला एसआय सांध्याच्या एक्स-रेची अटच जोडली गेली. सांध्याच्या खराबीला शून्य ते चार अशी श्रेणी द्यायची. दोन्ही बाजूंना किमान दुसरी, किंवा एका बाजूला किमान तिसरी श्रेणी हवी.

कागदावर सोपी वाटणारी ही श्रेणी प्रत्यक्षात फार निसरडी आहे. एसआय सांधा तिरपा आणि नागमोडी असतो, त्यामुळे समोरून काढलेल्या चित्रात त्याच्या कडा एकमेकींवर चढतात आणि आतड्यातला वायू उरलेसुरले तपशील पुसतो. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीतला फरक कित्येकदा बघणाऱ्याच्या मनात असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात शंभर संधिवाततज्ज्ञांना आणि तेवीस क्ष-किरणतज्ज्ञांना हे एक्स-रे वाचायला दिले, मध्ये प्रशिक्षण दिलं आणि पुन्हा वाचायला दिले. वाचनात म्हणावी अशी सुधारणा झाली नाही. शिवाय सांध्याच्या कडा कुरतडलेल्या दिसायला आजार काही वर्षं मुरलेला असावा लागतो. तरुणाच्या एक्स-रेवरचं 'नॉर्मल' हे उत्तर म्हणूनच फारसा दिलासा देणारं नसतं.

मणक्यांच्या एक्स-रेवर मात्र जुना आजार ठसठशीत दिसतो. मणक्याच्या कोपऱ्यावर, अस्थिबंध हाडात शिरतो तिथे, आधी दाह होतो; मग त्या कोपऱ्याचं हाड झिजतं आणि बरं होताना दाट, चमकदार होतं. मणक्याची समोरची कड नेहमी थोडी आत वळलेली असते, ती सपाट होऊन मणका चौकोनी दिसायला लागतो. त्यानंतर एका मणक्याच्या कोपऱ्यापासून दुसऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत उभे, बारीक हाडाचे पूल बांधले जातात. हे सगळीकडे झालं की बांबूसारखा दिसणारा कणा तयार होतो. झिजेच्या आजारात वाढणारं हाड आडवं फुटतं, दाहाचं उभं चढतं. सोरायसिससोबतच्या आजारात हे पूल जाड, बेढब आणि एका बाजूला जास्त असतात. संशोधनात कमरेचे आणि मानेचे चोवीस पुढचे कोपरे तपासून शून्य ते बहात्तर गुण देण्याची पद्धत आहे. पण आजार पुढे सरकला हे त्या गुणांत उमटायला साधारण दोन वर्षं लागतात, आणि छातीचे मणके, जिथे नवं हाड सर्वाधिक धरतं, ते त्यात मोजलेच जात नाहीत.

पूल दिसला म्हणजे दाहच होता असं नाही. फॉरेस्टिए आणि रोटेस-केरोल यांनी १९५० साली वर्णिलेल्या, आज 'डिश' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थितीत उतारवयात, विशेषतः मधुमेह आणि लठ्ठपणा असणाऱ्यांत, कण्याच्या समोरून हाडाचा जाड थर मेणबत्तीवरून ओघळलेल्या मेणासारखा चार किंवा अधिक सलग मणक्यांवर पसरतो. छातीत तो उजव्या बाजूला जास्त असतो, कारण डाव्या बाजूला महाधमनी सतत धडधडत असते. मणक्यांमधल्या गाद्यांची उंची टिकून राहते आणि एसआय सांध्याच्या हलत्या भागात कुरतड नसते.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे, आणि ती परदेशी पुस्तकांत तळटीपेपुरतीच येते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतातल्या फ्लोरोसिसचं ठळक वर्णन शॉर्ट यांनी १९३७ साली नेल्लोर जिल्ह्यातून केलं. वर्षानुवर्षं असं पाणी पिणाऱ्याचा कणा ताठतो, अस्थिबंधांचं हाड होतं आणि माणूस अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णासारखाच वाकून चालतो. अशा वेळी हाडं सर्वत्र पांढरीफटक दाट दिसतात. कोपर ते मनगटाचा एक साधा एक्स-रे काढला, तर दोन हाडांमधल्या पडद्यावर चढलेलं हाड निदान सांगून जातं. रुग्ण कुठल्या गावचा आणि पाणी कुठलं पितो, हे विचारायला यंत्र लागत नाही.

एमआरआयने या क्षेत्राचं रूप पालटलं, यात शंका नाही. २००९ साली 'असास' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने नवे निकष मांडले आणि एक्स-रे निर्दोष असतानाही, एमआरआयवर एसआय सांध्यात सक्रिय दाह दिसला तर आजाराचं वर्गीकरण करण्याची वाट मोकळी झाली. यामागचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. हाडाच्या आतल्या मज्जेत चरबी असते. 'स्टर' नावाच्या पद्धतीत चरबीचा संकेत दाबला जातो आणि जिथे दाहामुळे पाणी साठलंय तेवढीच जागा पांढरी उजळते. 'टी-१' पद्धतीत उलट चरबी उजळते, हाडाची कड काळ्या रेघेसारखी दिसते आणि ती कुठे तुटली हे कळतं. पहिल्या चित्रात आज चाललेला दाह असतो, दुसऱ्यात त्याने मागे ठेवलेल्या खुणा: कुरतड, दाह ओसरल्यावर तिथे साचलेली चरबी, आणि शेवटी सांधा जुळून जाणं. त्यातल्या फक्त पहिल्या चित्रावर सगळा भार टाकण्याची चूक पुढच्या दशकात जगभर झाली.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात सत्तेचाळीस निरोगी स्वयंसेवकांचे एमआरआय, कुणाचा कोणता हे न सांगता, तज्ज्ञांपुढे ठेवले. त्यांतले अकरा त्या वेळच्या व्याख्येनुसार 'पॉझिटिव्ह' ठरले. त्याच अभ्यासात बाळंतपणानंतर कंबर दुखणाऱ्या सात जणींपैकी चौघी पॉझिटिव्ह आल्या. बेल्जियममध्ये बावीस नव्या सैनिकांचे एमआरआय कडक प्रशिक्षणाच्या आधी आणि सहा आठवड्यांनंतर काढले. आधीच नऊ जणांच्या एसआय सांध्यालगत सूज होती, नंतर अकरांच्या. आपलं सगळं धड या दोन सांध्यांवर तोललेलं असतं. धावणं, ओझं उचलणं, गरोदरपण, बाळंतपण यांचा ताण तिथेच पडतो आणि ताण पडलेल्या हाडात थोडं पाणी साठतं. एमआरआयला ते पाणी दिसतं. ते कशाचं आहे, हे त्याला कळत नाही.

मग फरक कसा ओळखायचा? ताणाची सूज सहसा लहान, उथळ आणि सांध्याच्या पुढच्या-वरच्या किंवा मागच्या-खालच्या ठरावीक कोपऱ्यात असते. दाहाची सूज हाडात खोलवर जाते, अनेक छेदांत सलग दिसते आणि बहुधा तिच्याबरोबर कुरतड किंवा चरबीचे डाग असतात. बाळंतपणानंतरच्या हाडदाटीत ओटीच्या हाडाकडच्या बाजूला त्रिकोणी, दाट पट्टा दिसतो आणि सांध्याची कड शाबूत राहते. 'असास'च्या एमआरआय गटाने २०२१ साली रुग्णांच्या प्रत्यक्ष चित्रांवरून नवे उंबरठे सुचवले: सांध्याच्या चार किंवा अधिक चतुर्थांशांत सूज, किंवा एकाच जागी सलग तीन छेदांत सूज, तीन किंवा अधिक चतुर्थांशांत कुरतड, किंवा एकाच जागी सलग दोन छेदांत कुरतड. उंबरठा वर नेला हे चांगलंच झालं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुरतडीला तिचं हक्काचं स्थान परत मिळालं. निदानाच्या दृष्टीने तुटलेल्या कडेची साक्ष उजळलेल्या ठिपक्यापेक्षा पुष्कळदा अधिक भरवशाची असते.

एसआय सांध्याचा एमआरआय त्रिकास्थीच्या तिरकसपणाला समांतर छेद घेऊनच काढावा लागतो. २०२४ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत चार चित्रमालिका पुरेशा मानल्या आहेत: तिरकस उभ्या छेदांत टी-१, चरबी दाबलेली मालिका आणि कुरतड टिपणारी खास मालिका, शिवाय आडव्या छेदांत चरबी दाबलेली एक. शिरेतून द्यायच्या रंगद्रव्याची नेहमीसाठी गरज नाही. जंतुसंसर्गाचा संशय असेल तेव्हा ते उपयोगी पडतं. ज्या केंद्रांत कंबरदुखीच्या तरुण रुग्णांच्या नेहमीच्या तपासणीत एसआय सांध्यांची एक उभी 'स्टर' मालिका न सांगता जोडली जाते, तिथे वाढतात ती फक्त काही मिनिटं. हा पायंडा राज्यभर पडला पाहिजे. यासाठी नवं यंत्र किंवा नवं औषध लागत नाही.

आजार एसआय सांध्यातून वर सरकला की मणक्यांच्या कोपऱ्यांवर, मागच्या फॅसेट सांध्यांत, फासळ्या मणक्याला जोडतात तिथे सूज दिसू लागते. कधी गादी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे मणके मिळून उजळतात, कडा खडबडीत होतात. अँडरसन यांनी १९३७ साली वर्णिलेली ही इजा आपल्याकडे सर्वांत जास्त घोटाळा घडवते, कारण पाहणाऱ्याच्या मनात पहिलं नाव येतं क्षयाचं.

ते येणं चुकीचं नाही. भारतात मणक्याचा क्षय ही रोजची गोष्ट आहे. त्याचा विसर पडला तर माणूस अपंग होतो. पण दोन्हींचा पोत वेगळा आहे. क्षयात जंतू मणक्याच्या पुढच्या भागात घर करतो, लांब अस्थिबंधाखालून शेजारच्या मणक्यांकडे पसरतो, गादी तुलनेने उशिरा जाते, आणि बाजूला पातळ भिंतीचा गळू तयार होतो. तो सोअस स्नायूतून थेट जांघेपर्यंत उतरलेलाही सापडतो. दाहक आजारात अनेक पातळ्यांवर विखुरलेले उजळ कोपरे दिसतात, गळू नसतो, आणि एसआय सांधे आपली साक्ष देतात. एसआय सांध्यापुरतंही हेच: दोन्ही बाजूंचा, हाडापुरता दाह एका दिशेला नेतो, एकाच बाजूचा, सांध्याची सीमा ओलांडून स्नायूत शिरलेला दाह संसर्गाकडे बोट दाखवतो. जनावरांच्या आणि कच्च्या दुधाच्या संपर्कात असणाऱ्यांत ब्रुसेला हा जंतूही मनात ठेवावा लागतो.

चित्रावरून खात्री पटत नसेल तर सीटीच्या मदतीने सुई घालून नमुना घ्यावा आणि तो जंतुतपासणी, जीनएक्स्पर्ट ही क्षयाची जनुकीय चाचणी आणि ऊतकतपासणी अशा तिन्हींसाठी पाठवावा. 'करून बघू' म्हणून क्षयाची औषधं सुरू करणं मला धोक्याचं वाटतं. दाहक आजार मुळातच चढ-उताराचा असतो. औषधांच्या काळात योगायोगाने उतार पडला की चुकीच्या निदानावर शिक्कामोर्तब होतं आणि पुढची वर्षं वाया जातात. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. टीएनएफ या दाहकारक रेणूला रोखणारी औषधं दडलेला क्षय जागा करतात, हे २००१ साली इन्फ्लिक्सिमॅबच्या रुग्णांत स्पष्ट झालं. क्षयाच्या मणक्याला स्पॉन्डिलायटिस समजून ती औषधं दिली गेली, तर हानी भरून निघत नाही.

स्फटिकांचे आजार या सगळ्यापेक्षा दुर्मिळ, पण ओळखले तर उपचार सोपे. मणक्यातला गाऊट बराच काळ कुतूहलाचा विषय होता. १९५०च्या सुमारास मानेच्या पहिल्या मणक्याच्या गाऊटचं एक वर्णन आलं आणि नंतर सुटेसुटे रुग्ण नोंदले जात राहिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गाऊटच्या अठ्ठेचाळीस रुग्णांच्या मणक्यांचा सीटी काढला, तेव्हा सतरांच्या कण्यात कुरतड किंवा युरेटच्या, म्हणजे युरिक अॅसिडच्या स्फटिकांच्या, गाठी सापडल्या. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढे आहे: त्या खुणांचा पाठदुखीशी किंवा रक्तातल्या युरिक अॅसिडशी संबंध दिसला नाही. आपल्याकडे रक्तात 'युरिक अॅसिड वाढलंय' हे कळलं की अंगातल्या प्रत्येक दुखण्याचं खापर त्यावर फोडलं जातं. वाढलेलं युरिक अॅसिड हा गाऊट नव्हे, आणि ऐन झटक्यात ते नॉर्मलही असू शकतं.

एमआरआय इथे फसवतो. युरेटची गाठ टी-१वर करडी, 'टी-२' या आणखी एका पद्धतीत कशीही आणि रंगद्रव्य दिल्यावर उजळणारी असते. संसर्ग किंवा गाठीचा आजार वाटावा अशीच. सीटी अधिक बोलका: फॅसेट सांध्याजवळ आखीव कडेची, दाट किनार असलेली कुरतड आणि तिच्यात कॅल्शियमइतका दाट नसलेला, पण स्नायूहून दाट असा गोळा. दुहेरी ऊर्जेच्या सीटीत, उदाहरणार्थ ऐंशी आणि एकशेचाळीस किलोव्होल्टला, एकाच जागेची दोन चित्रं घेतात. युरेट आणि कॅल्शियम या दोन ऊर्जांना वेगळा प्रतिसाद देतात आणि संगणक युरेटला सहसा हिरवा रंग देतो. २०१५च्या गाऊट-निकषांत या तपासणीला जागा मिळाली. पाय-गुडघ्यांसाठी ती खरोखर उत्तम आहे. मणक्यासाठी मात्र हात आखडता ठेवावा. धड जाड असतं, त्यामुळे चित्रात खरखर वाढते. दोन मिलिमीटरहून लहान साठे निसटतात. फासळ्यांच्या कूर्चेत आणि मणक्यांमधल्या गाद्यांत दिसणारा हिरवा रंग खरा युरेट की आभास, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. रंगीत चित्र पाहणाऱ्याला पटकन पटतं, म्हणूनच त्याच्यामागची कुरतड शोधल्याशिवाय निदान लिहू नये.

अंतिम पुरावा आजही सूक्ष्मदर्शकाखालचाच. मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ साली गाऊटच्या सांध्यातल्या पाण्यात ध्रुवित प्रकाशाखाली युरेटच्या सुया दाखवल्या, आणि पुढच्याच वर्षी गाऊटची नक्कल करणारे कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक वेगळे ओळखले गेले. मणक्यातून काढलेला तुकडा नेहमीप्रमाणे फॉर्मालिनमध्ये टाकला, तर युरेट त्यातल्या पाण्यात विरघळून जातो. गाऊटचा संशय असेल तर तो अल्कोहोलमध्ये पाठवायचा असतो. हे शस्त्रक्रियेच्या आधी कुणी सांगितलं नाही, तर पुरावा बाटलीतच नाहीसा होतो.

पायरोफॉस्फेटचं आवडतं ठिकाण म्हणजे मानेच्या दुसऱ्या मणक्याचा सुळक्यासारखा वर आलेला भाग आणि त्याला मागून धरून ठेवणारा आडवा अस्थिबंध. बूव्हे आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली या आजाराला 'क्राउन्ड डेन्स' हे नाव दिलं. वय साठीच्या पुढे, अनेकदा स्त्री, एकाएकी जखडलेली मान, ताप, रक्तात वाढलेला सीआरपी हा दाहदर्शक. मेंदूज्वर, कानशिलाच्या धमनीचा दाह, पॉलिमायाल्जिया यांच्या नावाखाली हे रुग्ण भरती होतात. साधा एक्स-रे बहुधा काही दाखवत नाही. कवटी आणि मान जुळतात त्या जागेचा पातळ छेदांचा सीटी काढला की सुळक्याभोवती मुकुटासारखी पांढरी रेघ दिसते. २०२३च्या आंतरराष्ट्रीय निकषांत हे लक्षणचित्र एकट्याने वर्गीकरणाला पुरेसं मानलं आहे. दाहशामक गोळ्या किंवा कोल्चिसिन सुरू केल्यावर बहुतेकांना काही दिवसांत आराम पडतो. अट एकच: लक्षणं हवीत. म्हातारपणी सुळक्याभोवती असं कॅल्शियम कित्येकांत निमूटपणे साचलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटीत ते दिसलं म्हणून आजाराचं नाव देता येत नाही. साठीच्या आतच पायरोफॉस्फेट सापडलं तर लोह, मॅग्नेशियम आणि पॅराथायरॉइड तपासावेत.

याचंच एक तरुण भावंड आहे. हार्टली यांनी १९६४ साली वर्णिलेल्या या प्रकारात मानेच्या समोरच्या लाँगस कोली स्नायूच्या कंडरेत हायड्रॉक्सीॲपेटाइट साचतं आणि अचानक फुटतं. तीस ते साठ वयाचा माणूस मान वळवू शकत नाही, घोट गिळताना कळवळतो, बारीक तापही असतो. घशामागे पाणी दिसतं आणि गळू समजून चीर द्यायची तयारी होते. सीटीवर पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोर कॅल्शियमचा ठिपका आणि कडा न उजळणारं, गुळगुळीत पसरलेलं पाणी दिसलं, तर सुरी बाजूला ठेवता येते. एक-दोन आठवड्यांत सगळं ओसरतं.

आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकू लागतात. इथे सर्वांत उपयोगी चित्र सर्वांत स्वस्त आहे: मान पुढे वाकवून बाजूने काढलेला एक्स-रे. सुळका आणि पहिल्या मणक्याची पुढची कमान यांतलं अंतर प्रौढांत तीन मिलिमीटरच्या वर गेलं तर अस्थिरता समजावी, आणि सुळक्यामागची जागा चौदा मिलिमीटरहून कमी झाली तर मज्जारज्जूला धोका. निजलेल्या, सरळ मानेच्या एमआरआयमध्ये हे सरकणं लपू शकतं. जुन्या आमवाताच्या रुग्णाला भूल देण्याआधी हा एक्स-रे पाहिलेला असावा.

सीटी आता एसआय सांध्याकडेही परतला आहे. बर्लिनच्या एका गटाने २०१७ साली ११० रुग्णांत सीटीला प्रमाण धरून पाहिलं, तेव्हा कुरतड शोधण्यात टी-१ एमआरआय एक्स-रेपेक्षा सरस ठरला. कमी किरणांचा सीटी तर त्याच सुमारास इतका सुधारला की जिथे एमआरआय परवडत नाही किंवा मिळत नाही, तिथे संशयास्पद एक्स-रे पुन्हापुन्हा काढत बसण्यापेक्षा तो केव्हाही बरा. एमआरआयच्या मोजमापांतून सीटीसारखं चित्र घडवण्याचे संगणकी प्रयोगही चालू आहेत. ते आश्वासक आहेत, पण सांध्याची कड संगणकाने पाहिली की कल्पिली, हे रोजच्या वापरात पारखलं जायचं आहे.

ताठ झालेल्या कण्याची एक गोष्ट प्रत्येक अपघात विभागात ठाऊक असली पाहिजे. बांबूसारखा जुळलेला कणा, किंवा 'डिश'ने जखडलेला, लांब हाडासारखा मोडतो. न्हाणीघरात घसरून बसण्याइतकं कारण पुरतं. मोड बहुधा मानेच्या खालच्या भागात असतो, आरपार जातो आणि अतिशय अस्थिर असतो. एक्स-रेवर खांद्यांची सावली आणि जुन्या हाडांची गर्दी त्याला झाकून टाकते. नवीन दुखणं जुन्याच आजाराच्या नावावर जमा होतं, आणि दोन दिवसांनी पाय लुळे पडतात. स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णाला पडल्यानंतर नवी, वेगळी वेदना सुरू झाली, तर मोड सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरून चालावं. संपूर्ण कण्याचा सीटी काढावा, कारण दुसरा मोड दुसऱ्याच पातळीवर असू शकतो. हातापायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा असेल, किंवा सीटीत काही न दिसताही दुखणं हटत नसेल, तर एमआरआय करावा. यंत्रावर घेताना त्याची मान सरळ करायचा प्रयत्न करू नये. वर्षानुवर्षं ती ज्या कोनात वाकलेली आहे त्याच कोनात, डोक्याखाली उशांचा आधार देऊन, त्याला आत न्यावं, आणि तो कोन कोणता होता हे सोबत आलेल्या घरच्या माणसाला विचारून घ्यावं.